वाचक विचारतात : स्मित, हसू, हसे आणि हशा

हसण्याच्या शब्दांविषयी बरीच पत्रे साठली होती, ती या वेळी एकत्र घेतली आहेत. आवाज न करता, नुसते ओठांवर येते ते हसणे मराठीत लिहायचे कसे, ही अडचण पुष्कळांनी कळवली आहे. म्हणून सुरुवात तिथूनच.

प्रश्न : इंग्रजी कादंबरीचे भाषांतर करते आहे. दर पानावर कोणी ना कोणी ‘स्माइल’ करते. हिंदीत ‘मुस्कुराना’ आहे. मराठीत ‘स्मित केले’ लिहिले की पात्र नाटकी वाटते आणि ‘हसला’ लिहिले की तो मोठ्याने हसला असे वाटते. आपल्याकडे यासाठी क्रियापदच नाही का? (भाषांतरकार, पुणे)

उत्तर : एकशब्दी क्रियापद नाही, हे खरे. पण ‘हसणे’ म्हटले की आवाज आलाच, हा समज मात्र खरा नाही. मराठीत हसण्याचा आवाज वेगळा सांगावा लागतो: खो खो हसला, खदखदा हसली, खळखळून हसले, फिदीफिदी हसत होत्या. असा शब्द सोबत नसेल तर नुसते ‘हसणे’ दोन्ही अर्थांना मोकळे राहते आणि उरलेले वाक्य त्याचा अर्थ पक्का करते. ‘तो काही बोलला नाही, नुसता हसला’ हे वाचताना कोणाही मराठी माणसाच्या कानी हसण्याचा आवाज पडत नाही. ‘हसून म्हणाला’ यातही तेच. बोलणे आणि खदखदणे एका श्वासात जमत नाही, म्हणून ते हसणे ओठांवरचेच. ‘हसून मान हलवली’, ‘दारातच हसून पाहिले’, ‘हसतमुखाने उभी होती’ ही सगळी तुम्हाला हव्या असलेल्या शब्दाची चांगली भाषांतरे आहेत.

ही मराठीची उणीव आहे असे आम्हाला मुळीच वाटत नाही. संस्कृतात मंद हसण्यासाठी ‘स्मि’ हा स्वतंत्र धातू असतानाही गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात ‘प्रहसन्निव’ असे ‘हस्’ धातूचे रूप आले आहे. दोन सैन्यांच्या मध्ये खचून बसलेल्या अर्जुनाला पाहून कृष्ण खदखदा हसला, असा अर्थ त्यावरून कोणी घेत नाही. ‘इव’ या एका अव्ययाने ते हसणे ओठांवर आवरून धरले आहे. मराठीही तसेच करते. फक्त ‘इव’चे काम ती गाल, ओठ आणि मिशी यांच्याकडून करून घेते.

‘गालातल्या गालात हसणे’ ही रचना नीट पाहा. ‘मनातल्या मनात’, ‘घरातल्या घरात’, ‘गल्लीतल्या गल्लीत’ यांच्याच घडणीची ती आहे. गोष्ट जिथे आहे त्याच्या बाहेर जाऊ द्यायची नाही, असा या घडणीचा अर्थ. म्हणून गालातल्या गालात हसणारा माणूस समोरच्याला कळू न देता हसत असतो. त्याला काहीतरी ठाऊक असते, किंवा आतून गंमत वाटत असते. ‘यजमानांनी गालातल्या गालात हसून पाहुण्यांचे स्वागत केले’ हे वाक्य त्यामुळे फसते. स्वागताचे हसू दिसायलाच हवे, तिथे ‘तोंडभर हसून’ लिहा. ‘मिशीतल्या मिशीत हसणे’ याचा अर्थही लपवण्याचाच, पण त्याला मिशी असलेला आणि बहुधा वयाने मोठा पुरुष लागतो.

ओशाळलेला माणूस ‘कसनुसे’ हसतो. दुःख दडवणारी बाई ‘केविलवाणे’ हसते किंवा चेहऱ्यावर ‘उसने हसू’ आणते. रुसवा निघाला की ‘कळी खुलते’, आणि तिथे हसणे हा शब्दही लागत नाही. तुच्छता असेल तर ‘कुत्सित’, आत कपट असेल तर ‘छद्मी’. स्वतःची चूक सावरायची असेल तर माणूस ती ‘हसून साजरी’ करतो. ‘खुदकन’ हा सुंदर शब्द आहे, पण त्यात एक छोटासा आवाज आणि एक अचानकपणा आहे. लहान मुलाला, मुलीला तो शोभतो. साठीच्या न्यायाधीशाला खुदकन हसवू नका.

आता कामाची रीत. पहिला खर्डा झाला की जिथे जिथे मूळ शब्द आला आहे त्या जागांवर खूण करा आणि प्रत्येक जागी पाहा, की हे हसणे म्हणजे घटना आहे, की संवादाला टेकू म्हणून ते नुसते लावले आहे. इंग्रजी कादंबरीत संवादानंतर ‘तो हसला’ हे पुष्कळदा विरामचिन्हासारखे येते. त्या जागी बोलण्याच्या क्रियापदाला ‘हसून’ जोडले की पुरे, आणि एका पानावर अशी तीन-चार असतील तर एक ठेवून बाकीची गाळली तरी अर्थ सांडत नाही. पात्र प्रकरणात पहिल्यांदाच हसत असेल तर मात्र त्या हसण्याला पूर्ण वाक्य द्या. ‘स्मित’ राखून ठेवायचे ते मूर्तीच्या, चित्राच्या, छायाचित्राच्या ओठांसाठी आणि निवेदनाचा सूर औपचारिक असेल तेव्हासाठी. स्वयंपाकघरातल्या संवादात आई ‘स्मित करत’ नाही, ती हसते. आणि ‘त्याने हसून दिले’ हे तर लिहूच नका. ते हिंदीतल्या ‘हँस दिया’चे ओझे आहे, आपले ‘नुसता हसला’ त्याहून नेमके आहे.

प्रश्न : आमच्या रविवारच्या मराठी शाळेत एका मुलीने घरी सांगितले, ‘बाई मला हसल्या.’ घरचे नाराज झाले. तिला म्हणायचे होते की बाईंनी तिच्याकडे बघून स्मित केले. मुलांना हा फरक कसा शिकवावा? (शिक्षिका, न्यू जर्सी)

उत्तर : सगळा घोटाळा एका ‘ला’चा आहे. माणसाला ‘ला’ लावून ‘हसणे’ आले की अर्थ टिंगलीचा होतो: ‘सगळे मला हसले’, ‘लोक हसतील तुला’. माया किंवा ओळख दाखवणारे हसणे ‘कडे’ घेते आणि सोबत ‘पाहून’ किंवा ‘बघून’ मागते: ‘बाई माझ्याकडे बघून हसल्या.’ विनोदाला मात्र ‘ला’ चालतो, ‘त्याच्या विनोदाला सगळे हसले’ यात विनोदाचे कौतुकच आहे. ‘माझ्यावर हसला’ हा हिंदीतल्या ‘मुझ पर’चा ठसा, तो टाळावा.

मुलांकडून तीन वाक्यांचा सराव करून घ्या: ‘ताई बाळाकडे बघून हसली’, ‘ताई विनोदाला हसली’, ‘ताई दादाला हसली’. प्रत्येक वाक्यानंतर विचारा, की आता कोणाला वाईट वाटेल? तिसऱ्यालाच वाटते, हे मुलांना लगेच उमगते. नियम सांगण्यापेक्षा हे जास्त टिकते.

आणखी दोन चुका तुमच्या वर्गात होत असणार. पहिली ‘तिने हसले’. ‘हसणे’ अकर्मक आहे, भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागत नाही: ती हसली, ते हसले. ‘तिने स्मित केले’ यातला ‘ने’ ‘करणे’ या क्रियापदामुळे आला आहे, तो मुले चुकून इकडे आणतात. दुसरी ‘हसव’ या रूपाची. ‘दादा मला हसवतो’ यात दादा हसायला लावतो. ‘आज मला हसवत नाही’ यात हसवणारा कोणीच नाही. मनच नाही म्हणून हसणे शक्य होत नाही, एवढाच अर्थ. ‘बोलवत नाही’, ‘चालवत नाही’ सारखेच हे शक्यतेचे रूप आहे. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना यातले व्याकरण सांगू नका, दोन्ही वाक्ये कानावरून जाऊ द्या.

प्रश्न : ‘स्मित’ शब्दाचे मूळ काय? स्मृती, विस्मय आणि अस्मिता हे त्याच कुटुंबातले का? वर्गात मुलांनी विचारले. (माध्यमिक शिक्षक, अंबाजोगाई)

उत्तर : चारांपैकी दोन एका घरचे आहेत, बाकीचे दोन नुसते तोंडावळ्याने सारखे.

पाणिनीय धातुपाठात ‘ष्मिङ् ईषद्धसने’ असा धातू आहे. ईषत् म्हणजे थोडेसे, म्हणून अर्थ थोडेसे हसणे. प्रत्यक्ष वापरात सुरुवातीच्या ‘ष’चा ‘स’ होतो आणि ‘स्मयते’ हे रूप मिळते. त्याला ‘त’ (क्त) प्रत्यय लागून ‘स्मित’. हाच प्रत्यय लागून गीत, हसित असे शब्द होतात. क्रियेचे नुसते नाव सांगताना असे शब्द संस्कृतात नपुंसकलिंगी असतात, म्हणून मराठीतही ‘ते स्मित’. ‘स्मेर’ म्हणजे हसरा, हाही याच धातूचा.

‘विस्मय’ म्हणजे वि + स्मि. थक्क झाल्यावर ओठ विलगतात आणि चेहरा खुलतो, तिथून हसण्याचा शब्द आश्चर्यापर्यंत गेला. हा प्रवास एकट्या संस्कृतने केलेला नाही, म्हणून तो मुलांना जरूर सांगा. इंग्रजी ‘स्माइल’ हा ‘स्मि’चा दूरचा नातलग आहे, आणि लॅटिनमधला ‘मीरुस’, म्हणजे आश्चर्यकारक, हाही त्याच मुळाचा मानतात. त्यापासून इंग्रजीत ‘मिरॅकल’ आणि ‘ॲडमायर’ आले. हसण्याकडून नवलाकडे जाणारी वाट दोन्हीकडे सापडते. संस्कृतात या धातूला आणखी एक फाटा फुटला: ‘स्मय’ म्हणजे गर्व. भर्तृहरीच्या ‘प्रभवः स्मयदूषिताः’ मधला स्मय तोच. सत्ताधीश गर्वाने बिघडलेले आहेत, ही त्याची तक्रार आहे.

‘स्मृती’चा धातू ‘स्मृ’, आठवणे. त्यापासून स्मरण आणि विस्मरण. म्हणून ‘विस्मित’ म्हणजे चकित आणि ‘विस्मृत’ म्हणजे विसरलेले. यांची अदलाबदल छापील मजकुरातही दिसते, ‘स्मृतहास्य’ असेही लिहिलेले आढळते. त्यात हसण्याचा मागमूस नाही.

‘अस्मिता’ म्हणजे स्मित नसलेली, असे मुलांना वाटणे साहजिक आहे. पण तो शब्द ‘अस्मि’, म्हणजे ‘मी आहे’, याला ‘ता’ लागून झाला. पतंजलीच्या योगसूत्रांत अविद्या, अस्मिता, राग, द्वेष, अभिनिवेश हे पाच क्लेश सांगितले आहेत. तिथे अस्मिता हा सुटका करून घेण्याचा दोष आहे. आज आपण ‘मराठी अस्मिता’ अभिमानाने म्हणतो, म्हणजे शब्दाची बाजू पूर्ण पालटली.

मुलांपैकी कोणी विचारलेच, की ‘हसति’वरून प्राकृतात ‘हसइ’ आणि मराठीत ‘हसणे’ आले, मग ‘स्मयते’वरून मराठी क्रियापद का आले नाही, तर ‘आम्ही’ हा शब्द दाखवा. संस्कृत ‘अस्मे’, प्राकृत ‘अम्हे’, मराठी ‘आम्ही’. ‘स्म’चा ‘म्ह’ होतो. तसाच पालीत ‘विस्मय’चा ‘विम्हय’ झाला. पण शब्दाच्या सुरुवातीला ‘स्म’ आला तर पालीत एकीकडे ‘मिहित’ आणि दुसरीकडे ‘सित’ अशी दोन रूपे झाली. ‘सित’ पांढऱ्यालाही म्हणतात, आणि थंडीचा ‘सीत’ कानाला त्याच्या फार जवळ. ऐकताना इतका गोंधळ करणारा शब्द बोलण्यात टिकला नसावा आणि ‘हस्’ने त्याची जागा घेतली असावी, असा आमचा तर्क आहे. मराठीत आज आहे ते ‘स्मित’ संस्कृतातून जसेच्या तसे उचललेले आहे. बोलताना ते थोडे परके वाटते, त्याचे कारण हेच.

प्रश्न : ‘स्मितहास्य’ हा द्विरुक्तीचा दोष आहे का? आणि उच्चार ‘स्मीत’ असा होतो तर लिहायचे ‘स्मित’ का? (मुद्रितशोधक, कोल्हापूर)

उत्तर : ‘गोल वर्तुळ’ या जातीचा हा दोष नाही. नाट्यशास्त्रात हसण्याचे सहा प्रकार आहेत आणि स्मित त्यातला एक. प्रकाराचे नाव आधी आणि जातीचे नंतर, अशी ही जोडणी आहे. तेव्हा चूक म्हणून कापू नका. पण नुसत्या ‘स्मित’ने काम भागत असेल तर तेच ठेवा. ‘मंदस्मित’ चालते, ‘मंद स्मितहास्य’ मात्र जड होते: मंदपणा ‘स्मित’मध्ये आधीच आहे, अमरकोशही ‘मनाक्’, म्हणजे थोडेसे, याच शब्दाने स्मित समजावतो.

मराठी अकारान्त शब्दांत शेवटून दुसरा इकार-उकार दीर्घ लिहितात: गरीब, वकील, फूल. तत्सम शब्द त्याला अपवाद, ते मुळाप्रमाणे: विष, गुण, मंदिर, स्मित. आपण बोलताना ‘वीष’ म्हणतो तसेच ‘स्मीत’ म्हणतो, लिहिताना मि ऱ्हस्वच. ‘हसू’ उलट मराठी शब्द आहे, त्याचा शेवटचा उकार दीर्घ: ‘हसु’ नव्हे. जाता जाता, ‘हास्यस्पद’ दिसले तर ‘हास्यास्पद’ करा. हास्य + आस्पद.

प्रश्न : एकांकिका स्पर्धेसाठी तालीम चालू आहे. भरतमुनींनी हसण्याचे सहा प्रकार सांगितले आहेत, असे ऐकले. अभिनयाला उपयोगी पडेल असे त्यांचे वर्णन द्याल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : आनंदाने. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्यरसाच्या प्रकरणात हे सहा प्रकार आहेत, आणि प्रत्येकाची व्याख्या चेहऱ्याच्या नेमक्या अवयवांवर केलेली आहे. दिग्दर्शकाने तालमीत वाचून दाखवावी इतकी ती वर्णने सरळ आहेत.

स्मितात गाल किंचित फुलतात, नजर डौलदार असते, दात दिसत नाहीत आणि सगळ्यात एक धीमेपणा असतो. ‘अलक्षितद्विजम्’ असा शब्द आहे. द्विज म्हणजे दोनदा जन्मणारे, इथे दात. हसितात तोंड आणि डोळे फुलतात, गाल वर येतात आणि दात किंचित दिसू लागतात. या दोन्हींत आवाज नाही. आवाज येतो तो तिसऱ्या, विहसितात: डोळे आणि गाल आकसतात, स्वर गोड असतो, चेहऱ्यावर लाली चढते आणि हसणे प्रसंगाला धरून असते. उपहसितात नाकपुड्या फुलतात, नजर तिरकी होते, अंग आणि डोके आक्रसून झुकते. अपहसित म्हणजे भलत्या वेळी आलेले हसणे: डोळ्यांत पाणी, खांदे आणि डोके गदगदा हलते. शेवटचे अतिहसित: डोळे क्षुब्ध आणि पाणावलेले, स्वर चढा आणि ओढलेला, आणि दोन्ही हातांनी कुशी धरलेल्या. ‘करोपगूढपार्श्वम्’ हा तो शब्द. मराठीत आपण पोट धरून हसतो, हसून मुरकुंडी वळते, ते हेच.

भरताने पहिले दोन प्रकार उत्तम, मधले दोन मध्यम आणि शेवटचे दोन अधम पात्रांना दिले आहेत. आजच्या एकांकिकेत ही पात्रांची उतरंड पाळायचे कारण नाही. हे सहा प्रकार एकाच पात्राच्या सहा अवस्था म्हणून वापरा. सभ्य गृहस्थ पहिल्या प्रवेशात स्मितावर आणि शेवटच्या प्रवेशात अपहसितावर गेला, तर त्याचे कोसळणे संवादाशिवाय पोहोचते.

नवख्या नटाचे स्मित दोन ठिकाणी बिघडते. एक, तो दात दाखवतो, आणि हसित होऊन बसते. दुसरे, तो फक्त ओठ ताणतो. फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२ मध्ये चेहऱ्याच्या स्नायूंवर ग्रंथ प्रसिद्ध केला. ओठांचे कोपरे वर ओढणारा स्नायू इच्छेने हलवता येतो, पण डोळ्याभोवतीचा गोल स्नायू खऱ्या आनंदाखेरीज सहजी हलत नाही, असे त्यांनी त्यात दाखवले. भरताने स्मिताच्या व्याख्येत ओठांचे नावही घेतलेले नाही, गाल आणि नजर घेतली आहे. म्हणून सराव ओठांवरून सुरू करू नका. आधी समोरच्या पात्राकडे नजर स्थिर करा, खालच्या पापणीखाली गाल किंचित वर येऊ द्या, ओठ आपोआप मागून येतात. आणि नाट्यगृहातल्या मागच्या रांगांना स्मित दिसत नाही. म्हणून ते येण्याआधी क्षणभर सगळ्या हालचाली थांबवा, मानेचा हलका कल जोडा. दात दाखवून ते मोठे करू नका.

प्रश्न : हसू, हसे आणि हशा यांत फरक काय? (गृहिणी, सोलापूर)

उत्तर : हसू येते, हसे होते, हशा पिकतो. क्रियापदेच फरक सांगतात.

‘हसू’ माणसाच्या हातात नसते. म्हणून ‘मला हसू आले’, ‘हसू फुटले’, ‘हसू दाबले’, ‘हसू आवरेना’. याउलट स्मित ठरवून करता येते, म्हणून ‘मला स्मित आले’ असे कोणी म्हणत नाही. ‘आसू’चे अनेकवचन ‘आसवे’ होते, ‘हसू’चे अनेकवचन मात्र वापरात नाही. प्रत्यय लावायची वेळ आली की आपण बहुधा ‘हसण्याचा’, ‘हसण्याने’ असे वळतो.

‘हसे’, बोलताना ‘हसं’, म्हणजे फजिती: ‘चारचौघांत त्याचे हसे झाले’. यात आनंद कोणाचाच नाही, निदान त्याचा तरी नाही. बोलण्यात ‘हसू झालं’ असेही ऐकू येते, लिहिताना ‘हसे’ ठेवले की घोटाळा होत नाही. ‘हसतील त्यांचे दात दिसतील’ ही म्हण अशा वेळी धीर द्यायला आहे: लोक हसले तर हसोत, आपले काम सोडू नये.

‘हशा’ पुल्लिंगी आणि नेहमी अनेकांचा. एकट्या माणसाचा हशा नसतो. छापील भाषणांत कंसात ‘हशा’ किंवा ‘हशा व टाळ्या’ असे लिहितात, ते सभेतल्या सगळ्यांचे मिळून.

प्रश्न : ‘अट्टहास’ म्हणजे मोठ्याने हसणे, मग आपण ‘एवढा अट्टाहास कशाला’ असे हट्टाला का म्हणतो? (वाचक, बेळगाव)

उत्तर : संस्कृतात ‘अट्टहास’ म्हणजे गडगडाटी हसणेच. मराठीत शब्दाचा ‘टा’ लांबला आणि अर्थातून हसणे गळाले. जोर, आटापिटा आणि मग हट्ट एवढेच उरले. हे आजचे नाही. तुकोबांच्या ‘याजसाठी केला होता अट्टाहास । शेवटचा दिस गोड व्हावा’ या सतराव्या शतकातल्या ओळीत अर्थ आटोकाट प्रयत्नांचा आहे, तिथे हसण्याचा काही संबंध नाही. उलट आजच्या बोलण्यात त्या शब्दाला थोडा नापसंतीचा वास आहे, तुकोबांच्या ओळीत तो नाही, हे वाचताना ध्यानात घ्यावे. लिहिताना दोन रूपे वेगळी ठेवलेली बरी: हसण्याला अट्टहास, हट्टाला अट्टाहास.

प्रश्न : समारंभांचे फोटो काढतो. ‘स्माइल प्लीज’ऐवजी मराठीत काय म्हणावे? ‘हसा’ म्हटले की लोक तोंड उघडून हसतात. (छायाचित्रकार, सांगली)

उत्तर : ‘जरा हसरा चेहरा ठेवा’ म्हणा. ‘हसा’ ही क्रियेची आज्ञा आहे, ‘हसरा चेहरा’ म्हटले की लोक क्रिया न करता भाव आणतात. सोबत एखादा शब्द म्हणायला सांगायचा असेल तर तो ‘ई’ने संपणारा निवडा. ‘ई’ उच्चारताना ओठ दोन्ही बाजूंना ताणले जातात आणि तोंड फार उघडत नाही. जिलबी, इडली, पुरी यांतले काहीही चालेल. ‘लाडू’ नको, ‘ऊ’ने ओठांचा चंबू होतो. बटण शेवटच्या ‘ई’वर दाबा. शब्द संपल्यावर दाबलेत तर ओठ सैल पडलेले मिळतील. लहान मुलांना मात्र शब्द देऊ नका, ती तो ओरडतात.

प्रश्न : आजोबांच्या जुन्या पुस्तकांत ‘हांसणें’ छापले आहे. कोंकणीतही ‘हांसप’ आहे. मग आपला अनुस्वार कुठे गेला? (वाचक, मडगाव)

उत्तर : संस्कृत ‘हसति’त अनुनासिक नाही. ते पुढे आपोआप शिरले, हिंदीत ‘हँसना’ मध्येही ते आहे. कोंकणीने ते उच्चारात राखले. मराठी प्रमाण उच्चारातून ते गेले तरी लिहिण्यात राहिले होते. १९६२ मध्ये महाराष्ट्र शासनाने मान्य केलेल्या शुद्धलेखनाच्या नियमांनी असे उच्चारात नसलेले अनुस्वार काढले, तेव्हा ‘नांव’चे ‘नाव’, ‘पांच’चे ‘पाच’ आणि ‘हांसणें’चे ‘हसणे’ झाले. जुना मजकूर उद्धृत करताना अनुस्वार तसाच ठेवा. संगणकावर जुन्या पुस्तकांत शोध घेताना ‘हांस’, ‘हंस’ आणि ‘हास’ तिन्ही देऊन पाहा. ‘हंस’ दिलात तर पक्षीही येतील, ते वेगळे करावे लागतील.

प्रश्न : हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर ‘सर्व सुहासिनींना आग्रहाचे निमंत्रण’ असे छापून आले. चुकले का? (वाचक, डोंबिवली)

उत्तर : छापायचे होते ‘सुवासिनी’. त्याचेच घरगुती रूप ‘सवाष्ण’. ‘सुहासिनी’ म्हणजे गोड हसणारी, सु + हास, ‘वंदे मातरम्’ मध्ये येते ती. सुहास हे नावही त्याच घडणीचे. पुढच्या वर्षी दुरुस्त करायचेच असेल, तर आमची सुचवण अशी की ‘सर्व मैत्रिणींना’ छापा. म्हणजे कुंकू कोणाला आहे आणि कोणाला नाही हे निमंत्रणपत्रिकेने ठरवायला नको, आणि यायची इच्छा असलेली एकही बाई दाराबाहेर राहणार नाही.